गोळी पन्नासाची, मात्रा साडेचाराची

या पानावर मी एरवी छाटणी, खते आणि फवारणी यांवर लिहितो. आजचा विषय माणसाच्या आजाराचा आहे. पण त्यातला हिशेब तुमच्या रोजच्या कामातला आहे, आणि तो चुकला म्हणजे काय होते ते मी माझ्या घरात पाहिले आहे. मी डॉक्टर नाही, कृषी पदविका झालेला माणूस आहे. डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि वाचून जे पडताळून पाहिले, तेवढेच खाली देतो.

माझी थोरली वहिनी निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळते. काही वर्षांपूर्वी थिनिंगचे दिवस चालू असताना तिला एका डोळ्याने धुरकट दिसू लागले. लाल रंग विटका दिसायचा, डोळा फिरवला की आतून दुखायचे. औषधाच्या फवाऱ्याचा त्रास असेल म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. तीन आठवड्यांत आपोआप बरे वाटले. पुढे एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी पाय बधिर झाले. एक दिवस ती बागेतून घरी आली तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे निघाली ते तिला कळलेच नव्हते. त्यानंतर जे होते तेच झाले. कोणी 'बाहेरचे' म्हणाले, अंगारा आला. एका ठिकाणी कमरेची नस दबली म्हणून सांगितले, दुसऱ्या ठिकाणी ताकदीची इंजेक्शने दिली. दोन वर्षे अशी गेली. शेवटी नाशिकला मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय करायला लावला, पाठीच्या कण्यातले पाणी तपासले, तेव्हा आजाराचे नाव कळले : 'मल्टिपल स्क्लेरॉसिस', म्हणजेच एमएस.

नाव मोठे आहे, पण प्रकार समजायला कठीण नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यापुढे आणा. आत तांबे, वर इन्सुलेशन. उंदराने जागोजागी इन्सुलेशन कुरतडले तर मोटार कधी चालते, कधी अडखळते, कधी बंद पडते. आपल्या नसांवरही मायलिन नावाचे असेच आवरण असते. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचे, तीच हे आवरण कुरतडते. म्हणून आज डोळा, सहा महिन्यांनी पाय, वर्षाने लघवीवरचा ताबा, असे वेगवेगळे बिघाड होतात आणि घरच्यांना ते एकाच आजाराचे वाटत नाहीत. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक. तो संसर्गाने पसरत नाही.

हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतो, असे पूर्वी डॉक्टर मंडळीही मानत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी करून १९९० मध्ये दाखवून दिले, की त्या समाजात दर लाखामागे विसाहून अधिक लोकांना हा आजार आहे. बाकी समाजात प्रमाण कमी, पण आहे. रुग्णांसाठी काम करणारी 'मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पुण्यातही तिची शाखा आहे.

एक गोष्ट मळ्यातल्या माणसांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. या आजारात अंग तापले की सगळी लक्षणे तात्पुरती वाढतात. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी हे १८९० मध्येच नोंदवले होते. सकाळी नऊला चांगली चालणारी बाई दुपारी बाराला उन्हात पाय ओढते, सावलीत तासभर बसली की पुन्हा ठीक. बघणाऱ्याला वाटते, कामाचा कंटाळा. आमच्याकडे हे बोलणे झालेले आहे. बोलणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

स्वस्त गोळीची बातमी

आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. अचानक जोर झाला तर स्टिरॉइडची सलाइन तीन ते पाच दिवस देतात. पण मुख्य उपचार तो नव्हे. मुख्य उपचार म्हणजे पुढचा झटका येऊ नये, नवे डाग पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षे घ्यायचे औषध. अशी औषधे १९९३ पासून निघाली. आज त्यांत इंजेक्शने आहेत, गोळ्या आहेत, सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून द्यायचीही आहेत. वहिनीला शेवटचे चालू होते. गुण होता : अडीच वर्षांत नवा झटका नाही. खर्चही होता.

मग एक हंगाम असा आला की घड तयार होत असताना अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले, व्यापारी फिरकला नाही. सोसायटीचे कर्ज डोक्यावर. अशा वेळी पुण्याच्या एका नातेवाइकाने दादाला सांगितले, की अमेरिकेत लोक एक साधी गोळी अगदी थोड्या मात्रेत घेऊन एमएस आटोक्यात ठेवतात. गोळीचे नाव नाल्ट्रेक्सोन. मेडिकलमध्ये मिळते, स्वस्त आहे. दादाच्या मनात हिशेब बसला. इंजेक्शनची तारीख आली आणि गेली.

बातमी खोटी नव्हती, हे आधी सांगतो. नाल्ट्रेक्सोन हे १९६३ मध्ये तयार झालेले औषध. अफू, हेरॉइन यांच्या व्यसनातून माणूस बाहेर काढण्यासाठी अमेरिकेत त्याला १९८४ मध्ये परवानगी मिळाली, नंतर दारूच्या व्यसनासाठीही ते वापरू लागले. त्याची नेहमीची गोळी ५० मिलिग्रॅमची. शरीरात अफूसारखे पदार्थ ज्या जागी जाऊन बसतात, त्या जागा ते अडवून धरते. न्यूयॉर्कचे डॉ. बर्नार्ड बिहारी व्यसनी आणि एड्सच्या रुग्णांवर काम करीत होते. त्यांनी १९८०च्या दशकात ही मात्रा पार खाली आणली, तीन-साडेचार मिलिग्रॅमपर्यंत, आणि ती रात्री झोपताना द्यायला सुरुवात केली. त्यामागचा तर्क असा : आपले शरीर एंडॉर्फिन नावाचे स्वतःचे वेदनाशामक बनवत असते. थोड्या मात्रेने त्याच्या जागा काही तासच अडतात. टंचाई भासल्यावर शरीर एंडॉर्फिन जास्त तयार करते, आणि त्याने प्रतिकारशक्ती जरा ताळ्यावर येते. शेंडा खुडल्यावर बगलफुटी जोमाने याव्यात, तसे काहीसे. तर्क चांगला आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे, तिकडे मी पुढे येतो.

तेच औषध थोड्या मात्रेत वेगळे काम करते, हे ऐकून शहरातला माणूस मान हलवील. तुम्ही हलवणार नाही. जीए १० पीपीएमला घडाची लांबी वाढवते आणि ४० पीपीएमला मण्याची फुगवण करते, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. टू-फोर-डी तर त्याहून बोलके उदाहरण. विदर्भात संत्र्याची फळगळ थांबवायला तेच टू-फोर-डी शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम टाकतात, आणि तेच मोठ्या मात्रेत तणनाशक म्हणून मारतात. शेजाऱ्याच्या उसावर मारलेले वाऱ्याने आपल्या बागेवर आले तर द्राक्षाच्या पानांचे काय होते, ते पाहिलेला शेतकरी मात्रेची थट्टा करीत नाही.

दादाचा हिशेब नेमका इथेच घसरला. मी त्याला म्हणालो, "दादा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नको." तर तो म्हणाला, "पन्नासची गोळी हाये, पन्नास मिली पाण्यात विरघळवली की एका मिलीत एक मिलिग्रॅम. साडेचार मिली द्यायचं. पीपीएमचा हिशोब तू मला शिकवतो का?"

गणित बिनचूक होते. परदेशातही काही रुग्ण असेच करतात. पण गोळीत औषधाबरोबर न विरघळणारी भुकटीही असते. बाटली न हलवता वरवरचे घेतले तर आज कमी, आणि तळाचे घेतले तर उद्या जास्त, असा धोका राहतो. आपण जीए आधी स्पिरिटमध्ये का विरघळवून घेतो, हे दादाला माहीत होते, पण औषधाच्या बाटलीला तो नियम लावायचे त्याला सुचले नाही. तरी खरा घोटाळा हा नव्हताच. वहिनीच्या पायाच्या कळांसाठी गावात तिला रोज ट्रॅमाडॉलची गोळी चालू होती. ट्रॅमाडॉल हे अफूच्या घराण्यातले वेदनाशामक. नाल्ट्रेक्सोन अफूची जागा अडवते. तिसऱ्या रात्री तिला दरदरून घाम फुटला, उलट्या, पोटात मुरडा, अंगावर काटा, हातपाय झाडणे. व्यसनी माणसाची नशा एकदम तोडल्यावर जे होते ते माझ्या वहिनीला झाले, जिने आयुष्यात सुपारीचे खांडही खाल्लेले नाही. रात्री दोन वाजता पिकअपमध्ये गादी टाकून तिला नाशिकला नेले.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काय दिलंत?" दादा गप्प. मी बाटली पुढे केली.

म्हणून, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना स्पष्ट सांगतो. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, मॉर्फिन, यांपैकी काही चालू असताना नाल्ट्रेक्सोनला हात लावू नये. आधीचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण बंद होऊन साधारण आठ-दहा दिवस जावे लागतात. काही शस्त्रक्रिया ठरली किंवा अपघात झाला, तर ही गोळी चालू आहे हे दवाखान्यात आधी सांगावे, नाहीतर वेदना थांबवायची इंजेक्शने लागू पडत नाहीत. यकृताचा आजार असला किंवा दिवस गेलेले असले, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय विचारही करू नये.

पुरावा किती?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि जे सांगितले ते ऐकून मला आमच्याच खात्याचे प्रशिक्षण आठवले.

बाजारात नवे टॉनिक येते तेव्हा आम्ही तुम्हाला काय सांगतो? एक ओळ फवारा, शेजारची तशीच ठेवा, मग बघा. शेजारची ओळ नसेल तर बोलायचेच नाही. डाऊनी आला, टॉनिक मारले, चार दिवसांनी आभाळ उघडले, ऊन पडले, डाऊनी थांबला, आणि श्रेय टॉनिकला! एमएसचे नेमके तसेच आहे. झटका येतो आणि बऱ्याच वेळा आपोआप ओसरतो. वहिनीचा डोळा पहिल्या वेळी कशाने बरा झाला? कशानेही नाही. त्या तीन आठवड्यांत तिला अंगारा लावला असता तर आज आम्ही सगळे अंगाऱ्यावर बोट ठेवून बसलो असतो.

म्हणून औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात. कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही नसते. काही वेळा मध्येच अदलाबदल करतात, म्हणजे प्रत्येक माणूस स्वतःच स्वतःची शेजारची ओळ होतो. नाल्ट्रेक्सोनच्या थोड्या मात्रेच्या अशा चाचण्या झाल्या, पण लहान. इटलीत २००८ मध्ये ४० रुग्णांवर सहा महिने वापरून पाहिले. स्नायूंचा ताठरपणा कमी झाला, दुखणे मात्र थोडे वाढले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. ब्रूस क्री यांनी ८० रुग्ण घेतले, त्यातले ६० शेवटपर्यंत टिकले. साडेचार मिलिग्रॅम रोज रात्री, आठ आठवडे. तो निकाल २०१० मध्ये छापून आला : मनाची उभारी आणि दुखण्याचा त्रास यांत फरक दिसला, शरीराच्या हालचालीत नाही. त्याच वर्षी इराणमधून ९६ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. खरी गोळी आणि पोकळ गोळी यांत सांगण्यासारखा फरक नाही!

आणि ज्यासाठी दादाने इंजेक्शन सोडले, ते काम, म्हणजे पुढचे झटके रोखणे आणि मेंदूतले नवे डाग थांबवणे, ही गोळी करते असे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. एमएससाठी तिला मान्यता अमेरिकेतही नाही आणि आपल्याकडेही नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देऊ शकतात, तेवढेच.

मोठी चाचणी का होत नाही? कारण साधे आहे. औषध जुने, पेटंट कधीच संपले, कोणीही बनवू शकतो. कोट्यवधी रुपये घालून चाचणी करणाऱ्या कंपनीच्या पदरात काय पडणार? देशी वाणाच्या बियाण्याची जाहिरात कोणी करीत नाही, तसे. यामुळे चिडणाऱ्या रुग्णांचा राग मला रास्त वाटतो. पण सिद्ध झाले नाही याचा अर्थ दडपले गेले, असा परस्पर काढणे बरोबर नाही.

नॉर्वे या देशाचे उदाहरण यात शिकण्यासारखे आहे. तिथे २०१३ मध्ये दूरदर्शनच्या एका वाहिनीने या गोळीवर कार्यक्रम दाखवला आणि बघता बघता हजारात तीन माणसे तिच्या मागे लागली. सगळ्या देशाच्या औषधांच्या चिठ्ठ्यांची नोंद तिथे सरकारकडे असते. संशोधकांनी ती नोंद तपासली. गोळी खरेच लागू पडली असती तर एमएसच्या रुग्णांची बाकीची औषधे कमी व्हायला हवी होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की तशी घट दिसत नाही.

दादाने हे सगळे ऐकले. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "म्हणजे उपयोग काहीच नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "असं मी म्हणालो नाही. थकवा, झोप, दुखणं यांत काहींना बरं वाटतं, आणि नीट घेतली तर मोठा धोकाही दिसलेला नाही. पण ती जोडीला. इंजेक्शनच्या जागी नाही."

आमच्याकडे पुढे काय झाले

इंजेक्शन पुन्हा सुरू झाले. त्यासाठी दादाने एक गाय विकली. ट्रॅमाडॉल बंद करून, पायाच्या कळांसाठी दुसरी गोळी लागू पडल्यावर, डॉक्टरांनी कमी ताकदीचे नाल्ट्रेक्सोन स्वतः चिठ्ठी देऊन मिळवून दिले. सुरुवात दीड मिलिग्रॅमने, मग तीन, मग साडेचार. बाटली नाही, चमचा नाही. अट एकच, वही ठेवायची.

वही वहिनीनेच ठेवली. शाळेची शंभर पानी. रोज झोप किती तास, सकाळचा थकवा दहापैकी किती, आणि ओट्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत किती पावले लागली. पहिल्या पंधरा दिवसांत झोप मोडल्याच्या आणि विचित्र स्वप्ने पडल्याच्या नोंदी आहेत. या गोळीने असे होते हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तिसऱ्या महिन्यात थकव्याचा आकडा सातावरून पाचावर आला. पावले होती तेवढीच. वहिनी म्हणते, "चालणं तेच हाये भाऊ, पण सकाळी उठावंसं वाटतं."

हा गुण गोळीचा, की ट्रॅमाडॉल सुटल्याचा, की गोळी सुरू झाली तेव्हा उन्हाळा संपून पाऊस लागला होता त्याचा? मला सांगता येणार नाही. शेजारची ओळ नाही. वहिनीला त्याची पर्वा नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही केली नसती. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली आहे. दर सहा महिन्यांचे इंजेक्शन मात्र आता कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेले असते, एकादशीच्या वर.

ग्रामपंचायतीसाठी

आता गावच्या पदाधिकाऱ्यांशी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) दोन शब्द. अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात हा आजार नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि त्यात 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' नावानिशी आहे. त्यामुळे 'बाई तर चालताना दिसते' म्हणून अर्ज परत करता येत नाही. दिव्यांगत्व किती टक्के, हे ठरवायचे काम वैद्यकीय मंडळाचे आहे, ग्रामपंचायतीचे नाही. चाळीस टक्के किंवा अधिक असल्यास एसटीच्या सवलतीपासून पुढचे बरेच लाभ मिळू शकतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. किती ठिकाणी तो निधी वर्षअखेरीस घाईने सतरंज्या आणि खुर्च्या घेऊन संपवतात, हे मी नावे न घेता सांगतो. त्यातून एखाद्या घरी कमोडची खुर्ची, ओट्याला लोखंडी कठडा, चालायची काठी देता येते. वहिनीला कठडा मिळाला, पण तीन ग्रामसभा लागल्या.

आशाताईंनाही विनंती आहे. तरुण बाईची एका डोळ्याची नजर काही दिवसांत धूसर झाली, किंवा पाय बधिर होऊन चालताना तोल जाऊ लागला, आणि ते चोवीस तासांहून जास्त टिकले, तर ते आपोआप बरे झाले तरी तिला मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवावे. प्रत्येक वेळी एमएसच निघेल असे नाही. बी-१२ ची कमतरता निघू शकते, मणक्याचा क्षय निघू शकतो. एनएमओ नावाचा दुसरा आजारही दिसायला अगदी असाच असतो, पण त्याचे औषध वेगळे, आणि एमएसची काही औषधे त्यात उलटी पडतात. म्हणून निदान करायचे ते मोठ्या डॉक्टरांनीच.

प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केल्यावर जिल्हा रुग्णालयात तपासणीला बोलावतात. जाताना एमआरआयच्या फिल्म आणि अहवाल, आधी दाखल झाल्याची सगळी कागदपत्रे, आणि अशी वही असेल तर तीही न्यावी. आजार कमी-जास्त होतो हे त्या वहीवरून मंडळाला दिसते. उन्हाळ्यात शक्यतो पहिल्या गाडीने निघावे, सोबत पाण्याची बाटली आणि ओला पंचा ठेवावा, आणि रांगेत रुग्णाऐवजी घरच्या माणसाने उभे राहावे.